अर्धा सूर वर

गेल्या वर्षी पावसाळा सरता सरता मी आमच्या चर्चच्या क्वायर मास्तरांशी भांडले. रविवारची मिस्सा नुकतीच संपली होती, लोक अजून दारातून बाहेर पडत होते, आणि मी माडीवर जाऊन त्यांना गाठलं. म्हटलं, "मास्तर, आज सगळी गाणी एवढी वर का उचललीत? बायकांचे गळे ताणले जात होते, लक्षात नाही आलं तुमच्या?" मास्तर सज्जन माणूस. त्यांनी ऑर्गनकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "बाई, पट्टी नेहमीचीच होती."

"नव्हती."

"इलेक्ट्रिक ऑर्गन आहे बाई. तो काय आपल्या मनाने वर जाणार?"

पट्टी बदलायचं बटण कोणाच्या तरी हातून दाबलं गेलं असणार, असं मी ठासून सांगितलं आणि त्यांना बाजूला सारून स्वतः बसले. छोट्या पडद्यावर शून्य दिसत होतं. म्हणजे बटणाला कोणी हात लावलेला नव्हता. मी डी दाबला. पेटीवाले ज्याला पांढरी दोन म्हणतात तो सूर. मला ऐकू आली काळी दोन. पुन्हा दाबला, पुन्हा काळी दोन. शेजारचा दाबला, तोही अर्धा सूर वर. मास्तर माझ्या मागे उभे राहून वाट बघत होते. "कंपनीच्या माणसाला बोलावून घ्या, मशीन बिघडलंय," असं म्हणून मी कोणाकडेही न बघता जिना उतरले.

मशीन बिघडलेलं नाही, हे मला तिथेच कळलं होतं. कारण हे पहिल्यांदा होत नव्हतं. आधीच्या महिनाभरात मोबाइलवर ऐकलेलं संगीत मला घाईत वाटायचं, वर चढल्यासारखं. मी मोबाइलला शिव्या घातल्या, मग नवऱ्याने आणलेल्या स्वस्तातल्या स्पीकरला. नवरा म्हणाला, "सगळी यंत्रं एकाच वेळी बिघडली? तुझ्यावर डूख धरून?" मी त्याच्यावर खेकसले. पण प्रश्न बरोबर होता आणि म्हणूनच मला राग आला होता.

काही लोकांना सूर कानावर पडताक्षणी त्याचं नाव कळतं. पेटीवर शोधून बघावं लागत नाही. लाल रंग लाल आहे हे जसं कुणाला विचारावं लागत नाही, तसंच. मी त्यांतली. वसईजवळच्या गिरीज गावात आमच्या केळीच्या वाडीत विहिरीवर पंप होता. लहानपणी मी त्या पंपाचा सूर डोक्यात घेऊन चर्चमध्ये जायची आणि तिथल्या पेटीवर नेमका तोच दाबायची. वडिलांना याचं कोण कौतुक! वाडीवर कोणी भाजी न्यायला आलं की ते पितळेच्या तांब्यावर चमचा मारायचे आणि म्हणायचे, "सांग बाय, कुठला?" मी सांगायची. बरोबर की चूक हे समोरच्याला कळायचा काही मार्ग नसायचा, तरी सगळे माना डोलवायचे.

त्याच कानाच्या जोरावर मी पुढे मुंबईत शिकले, शिष्यवृत्तीवर युरोपात गेले आणि परत आले. का परत आलीस, असं लोक अजूनही विचारतात. लग्न ठरलं होतं, वडील आजारी होते, आणि खरं सांगायचं तर तिथे माझ्यासारख्या पियानोवाल्या पोत्याने होत्या. इथे मी एकटी. इथे येऊन काय केलं? मुंबई, पुणे, गोवा, दिल्ली अशा ठिकाणी कार्यक्रम केले, अधूनमधून बाहेरची आमंत्रणं आली, आणि उरलेल्या दिवसांत वसईच्या एव्हरशाईन वसाहतीतल्या तळमजल्याच्या फ्लॅटमध्ये मुलांना शिकवलं. सोसायटीतल्या बायका मला कीबोर्ड टीचर म्हणतात. एकीने विचारलं होतं, "तुम्ही स्टेजवर वाजवता ते गाणं म्हणणारं कोण असतं?" कोणी नसतं, मी एकटीच असते, म्हटल्यावर तिला माझी दया आली. मी चिडते, पण या लोकांनी माझा पियानो वर्षानुवर्षं सहन केला आहे हेही खरं. वरच्या मजल्यावरच्या आजोबांची तर एकच अट होती, दुपारी दोन ते चार नको. ती मी पाळते.

तर माझा पियानो. उभा, काळा, जर्मन, माझ्याहून वयाने मोठा. वसईच्या हवेत पियानो ठेवायचा म्हणजे तान्हं मूल सांभाळण्यासारखं आहे. लाकूड फुगतं, पट्ट्या अडकतात, आतला लोकरीचा नमदा कसर खाते. म्हणून आत डांबराच्या गोळ्यांची पुरचुंडी टांगलेली असते आणि खालच्या फळीमागे एक छोटा बल्ब पावसाळाभर रात्रंदिवस जळत असतो. फटीतून त्याचा उजेड दिसतो. एकदा कुरिअरवाल्याने बाहेरूनच त्याला नमस्कार केला होता.

चर्चमधून घरी आले ती तडक पियानोपाशी गेले. सगळं वर. मनाची समजूत घातली की ओलाव्याने पियानो थोडा चढतोच. पण एवढा? मग मी कपाटातून सूर लावायचा चिमटा काढला. लोखंडाचा दोन पायांचा चिमटा, गुडघ्यावर आपटून कानाशी धरला की नेमका एक सूर देणारा. त्याला पाऊस लागत नाही, कसर लागत नाही. तो ए द्यायचा. आयुष्यभर त्याने ए दिला होता. आता मला त्याच्या अर्धा सूर वरचा बी फ्लॅट ऐकू आला. मी तो चिमटा हातात घेऊन तशीच जमिनीवर बसून राहिले. नवऱ्याने जेवायला हाक मारली तर उठवेना.

कानाच्या डॉक्टरांनी तपासण्या केल्या, काचेच्या खोलीत बसवून बारीक बारीक आवाज ऐकवले, आणि सांगितलं की माझ्या वयाच्या मानाने कान उत्तम आहेत. मी म्हटलं, "डॉक्टर, मला सगळं अर्धा सूर वर ऐकू येतं." ते म्हणाले, "बोललेलं नीट ऐकू येतं ना?" येतं, म्हटलं. "मग झालं तर." मी त्यांच्याकडे असं काही पाहिलं असणार की त्यांनी खुर्ची पुढे ओढली आणि नीट समजावलं. ज्यांचा कान माझ्यासारखा असतो, त्यांच्यातल्या काहींना पन्नाशीनंतर असं होतं. आतलं काहीतरी वयानुसार सरकतं. औषध नाही. बाकी कोणाला हे झालं तर त्याला पत्ताही लागत नाही, कारण त्याच्याकडे ताडून बघायला काही नसतंच. "म्हणजे हा एक प्रकारे तुमच्या देणगीचाच भाग आहे," असं म्हणून ते हसले. मी फी देऊन बाहेर आले आणि रिक्षात बसून रडले.

मला भीती एकाच गोष्टीची होती. मी यापुढे लोकांसमोर वाजवू शकेन का? बाकी सगळं चाललं असतं. पण हे गेलं तर माझ्याकडे दाखवायला, सांगायला, सकाळी उठायला काय होतं? थंडीत मुंबईत माझा कार्यक्रम ठरलेला होता. जाहिरात झाली होती. आयोजकांना सांगावं असं एकदाही मनात आलं नाही. उलट, कोणाला कळू नये म्हणून मी माझ्या वर्गातल्या मुलांवरही नेहमीपेक्षा जास्त ओरडायला लागले.

इथे एक गोष्ट सांगायला हवी, नाहीतर माझी अडचण कळणार नाही. आम्ही स्टेजवर समोर पुस्तक ठेवत नाही. दीड-दोन तास पाठ असलेलं वाजवायचं, हीच आमच्यातली रीत. आता पाठ करण्याच्या तऱ्हा वेगवेगळ्या. कोणाला पान डोळ्यांसमोर दिसतं, कोणाची बोटं आपोआप चालतात. माझं पाठांतर कानाचं. पुढचा सूर मला आधी मनात ऐकू येतो आणि बोट तिथे जातं. गणपतीच्या आरतीला शेजारचा पुढचं कडवं म्हणायला लागला की आपलंही तोंड उघडतं ना, तसं. आता कान सांगायला लागला की आपण डीमध्ये नाही, त्याच्या वरच्या इ फ्लॅटमध्ये आहोत. बोटं बिचारी गोंधळणार नाहीत तर काय? ती कानाचं ऐकून शेजारच्या पट्टीवर सरकायला बघायची. मी घरी एकटीच वाजवत असूनही मध्येच हरवायची, आणि पियानोचं झाकण आपटायची.

मग मला एक युक्ती सुचली. त्या वेळी ती मला फारच हुशारीची वाटली. कान खाली येत नाही ना? मग पियानो खाली आणायचा!

आमचे ट्यूनर अंकल जुन्या वसईतले. तरुणपणी बँडमध्ये ट्रम्पेट वाजवायचे, दात पडल्यावर पियानो जुळवायला लागले. ते पिशवीतून हत्यारं काढत असताना मी म्हटलं, "अंकल, सगळाच्या सगळा अर्धा सूर उतरवा."

"कशाला?"

"तारा जुन्या झाल्यात. ताण कमी होईल."

"तारांना काय धाड भरलीय? मीच बघतो ना वर्साला दोनदा." त्यांनी पुढची फळी काढली, आत टॉर्च मारला. "हवेत पानी आहे बाय, लाकूड पानी पितं. आता उतरवला तर उन्हाळ्यात अजून खाली जाईल. मग मला बोलवू नको."

"उतरवा."

"पोरं चुकीचं शिकतील तुझी."

"पोरांना काही कळत नाही."

ते पुटपुटत कामाला लागले. त्यांना वाटलं मी नव्या तारांचे पैसे वाचवते आहे, आणि मी ते तसंच वाटू दिलं. जाताना म्हणाले, "आता तिसऱ्या दिवशी परत येतो, आज सांगितलं म्हणून सगळ्या तारा ऐकतील असं नाही." दोन-तीन खेपांत पियानो खाली स्थिरावला.

त्यानंतरचे दोन महिने मी हवेत होते. डी दाबला की डी ऐकू यायचा! खरं तर तो डी नव्हता, पण माझ्यापुरता होता. सोनाटे, म्हणजे तीन-चार भागांच्या त्या लांब रचना, पुन्हा बोटांखाली आले. मुख्य तुकडा डी मेजरमधला एक मोठा सोनाटा होता, त्यातला मधला संथ भाग मला लहानपणापासून जिवापाड आवडतो. तो वाजवताना मी खिडक्या उघड्या ठेवायला लागले. नवरा म्हणाला, "काय गं, बरी झालीस की." मी हो म्हटलं. त्याला पियानो उतरवलेला कळला नाही. त्याचा गोखिवऱ्याला बिजागऱ्या बनवायचा छोटा कारखाना आहे, दिवसभर प्रेस मशीनच्या दणदणाटात असतो. गाण्यातलं त्याला काही कळत नाही असं तो स्वतःच सगळीकडे सांगतो, जणू ती पदवी आहे.

मुंबईच्या हॉलमधला पियानो मी उतरवू शकत नव्हते, हे मला कळत नव्हतं का? कळत होतं. व्हायोलिनवाला आपलं वाद्य बगलेत घेऊन जातो, आमच्या नशिबी जिथे जाऊ तिथलं वाद्य. पण दोन महिने रोज घोटलंय, आता बोटं कानाला भीक घालणार नाहीत, असा माझा हिशोब होता. हे म्हणजे बुडायला नको म्हणून गुडघाभर पाण्यात पोहायचा सराव करण्यासारखं होतं. दुपारी हॉलवर पियानो तपासायला बसले तेव्हाही मी एकही अख्खा भाग वाजवला नाही. थोडे सूर, थोडे ठोके, पायाखालचं पेडल किती खोल जातं ते पाहिलं, आणि "छान आहे" म्हणून उठले. मला घाबरायचं नव्हतं, म्हणून मी ऐकलंच नाही.

कार्यक्रम रविवारी पाच वाजता होता. हॉल जवळजवळ भरला होता. सोनाट्याचा पहिला भाग वेगाचा, तो निभावला. वेगात कानाला बोलायला फुरसतच मिळत नाही, बोटं पुढे निघून जातात. मग संथ भाग सुरू झाला. एक सूर, मग थांबणं, मग दुसरा सूर. त्या थांबण्यात कान बोलायला लागला. हे डी नाही, हे डी नाही, तू चुकीच्या जागी आहेस. मी दात आवळून वाजवत राहिले. पाठीवरून घामाचा ओघळ खाली उतरला. पहिली चाल परत येते त्या जागी डावा हात आपला आपणच अर्ध्या सुराने वर गेला आणि खर्जात असा काही कर्कश आवाज झाला की पुढच्या रांगेतल्या बाईंनी मान वर केली.

मी थांबले. स्टेजवर थांबणं म्हणजे काय, हे त्यावर बसलेल्यालाच माहीत. पाच बोटं हवेत, आणि पुढचं काहीही आठवत नाही. मग कुठूनतरी मधूनच धरलं आणि रेटत शेवटापर्यंत नेलं. टाळ्या पडल्या. सभ्य लोक होते. मध्यंतराला विंगेमागच्या खोलीत गेले तर आयोजक बाई "पाणी आणू का, एसी जास्त होता का" म्हणत मागे आल्या. मी त्यांना दाराबाहेर घालवलं आणि नवऱ्याला फोन करून आत बोलावलं.

तो आला. मी त्याला तिथे, त्या खोलीत, पहिल्यांदा सगळं सांगितलं. कान, डॉक्टर, उतरवलेला पियानो, सगळं. म्हटलं, "मी बाहेर जात नाही. सांग त्यांना चक्कर आली म्हणून." तो चिडेल असं वाटलं होतं, एवढे महिने लपवलं म्हणून. चिडला नाही. खिशात हात घालून त्याने कायम जवळ असणारी एक छोटी प्लास्टिकची डबी काढली. आत कारखान्यात घालतात ते कानातले नारिंगी बोळे होते.

"हे घाल."

"वेडा आहेस का?"

"आमच्याकडे प्रेसवर सगळे घालतात. आवाज येत नाही, पण मशीन नीट चाललंय की नाही ते हाताला कळतं. तुला ऐकायचा त्रास होतोय ना? मग ऐकू नको."

बाहेर घंटा झाली. विचार करायला वेळ असता तर मी घातले नसते. बोळे पिळून बारीक करून कानात बसवले, वरून केस ओढून घेतले, आणि बाहेर गेले. माझ्या स्वतःच्या पावलांचाही आवाज येत नव्हता.

मध्यंतरानंतरचं सगळं मी तसंच वाजवलं. अगदी काही ऐकू येत नव्हतं असं नाही. भिंतीपलीकडे कोणीतरी वाजवतंय असं बुडबुडं काहीतरी येत होतं, पण त्याला सूर नव्हता, नाव नव्हतं. कान गप्प बसला. मग जे डोक्यात ऐकू येत होतं, बरोबर पट्टीतलं, तरुणपणचं, त्याच्यामागून बोटं चालली. लाकडाची थरथर मनगटापर्यंत यायची. एकदाही हरवले नाही. शेवटचा ठोका दिला तेव्हा तो वाजला की नाही हेही मला नीट कळलं नाही. वळून पाहिलं तर लोक उभे राहिले होते, हात हलत होते, तोंडं उघडत मिटत होती. मी वाकून नमस्कार केला.

नंतर किती जणांनी येऊन हात हातात घेतला! एक जुने रसिक, जे माझे कार्यक्रम सुरुवातीपासून ऐकत आले आहेत, म्हणाले, "उत्तरार्ध म्हणजे तुझं आजवरचं सर्वोत्तम." मी हसले आणि त्यांच्याबद्दल मला एकदम राग आला. त्यांना मिळालं, मला नाही मिळालं. मी स्वयंपाक केला आणि उपाशी राहिले.

गाडीने परत निघालो. नवऱ्याने फोनवर रेकॉर्डिंग केलं होतं, ते त्याने लावलं. दोन-चार सूर झाले आणि मी म्हटलं, "बंद कर." अर्धा सूर वर, दुसरं काय? त्याने बंद केलं. खाडीवरच्या पुलाआधी गाड्यांची रांग लागली होती. मी विचारलं, "खरं सांग, कसं झालं?"

"मस्त झालं."

"नीट सांग."

"मला काय कळतं त्यातलं?"

"जे कळलं ते सांग. नाहीतर इथेच उतरते."

त्याने गाडी न्यूट्रलला टाकली. मग म्हणाला, "दुसरं स्वच्छ झालं. एक चूक नाही. पण आमचा मशीनवरचा माणूस बसतो ना, काम चोख, मन घरी, तशी बसली होतीस. पहिल्यात तू चुकलीस तेव्हा मी खुर्चीतून अर्धा उठलो. म्हणजे तू तिथे होतीस. दुसऱ्यात नव्हतीस." आणि लगेच, "चिडू नको. लोकांना आवडलंय. घालत जा ना बोळे, काय बिघडतं?"

मी चिडले. घरी पोहोचेपर्यंत चिडलेली होते, आणि सकाळी चहा करतानाही. चिडण्याचं कारण हे की तो जे म्हणाला ते मला त्या स्टेजवरच ठाऊक होतं.

पुढचे दिवस फार वाईट गेले. एका जागी बसवेना. मी गिरीजला आईकडे जायची आणि तासाभरात परत फिरायची. पियानोपाशी बसायची आणि उठायची. उतरवलेला पियानो आता मला खोटा वाटायला लागला होता, आणि खरा पियानो सोसत नव्हता. बोळ्यांची डबी नवऱ्याने साधेपणाने पियानोवरच ठेवून दिली होती. मी ती उचलून ड्रॉवरमध्ये टाकली, पुन्हा काढली, पुन्हा टाकली. किती सोपं होतं! केस मोकळे ठेवायचे, बोळे घालायचे आणि अजून दहा वर्षं वाजवायचं. कोणाला कळणार होतं?

त्यातच पुण्याहून आमंत्रण आलं. तिथल्या बाईंना मुंबईच्या उत्तरार्धाबद्दल कळलं होतं, तसाच कार्यक्रम त्यांना हवा होता. मी म्हटलं, दोन दिवसांत सांगते. दोन दिवस मी घरात नुसत्या येरझाऱ्या घातल्या. नवरा म्हणाला, "तू जमिनीला खड्डा पाडशील."

तिसऱ्या दिवशी मी अंकलना बोलावलं आणि पियानो पुन्हा वर न्यायला सांगितलं. त्यांनी मला जे ऐकवलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. वर खेचताना खर्जातली एक तार तुटली, एवढ्या जोरात की वरच्या मजल्यावरचे आजोबा काठी टेकत विचारायला आले. अंकल माझ्याकडे बघून म्हणाले, "आता तरी सांग, काय झालंय तुला?" मी सांगितलं. त्यांना ते नीटसं पटलं नाही. "एवढं शिकून असं होतं का?" म्हणाले, आणि तुटकी तार गुंडाळून पिशवीत टाकली.

मग मी पुण्याला फोन केला. म्हटलं, "वाजवीन. पण एक सांगायला हवं. माझा कान आता अर्धा सूर वर ऐकतो. मी मध्ये हरवू शकते, थांबू शकते. मुंबईत थांबले होते. उत्तरार्धात मी कानात बोळे घातले होते, ते आता घालणार नाही. पुस्तक समोर ठेवून वाजवीन, आणि जसं जमेल तसं."

मग बाई म्हणाल्या, "मॅडम, पण लोकांना हे सगळं सांगायची गरज आहे का?"

"लोकांना नाही, तुम्हाला सांगितलं."

"हो, हो. थँक यू. मी कमिटीशी बोलून कळवते."

त्यांनी आठवड्याने कळवलं. फार गोड बोलल्या. या वर्षी तारखांचा घोळ आहे, पुढच्या वर्षी नक्की बघू. पुढच्या वर्षी नक्की म्हणजे काय, हे या धंद्यातल्या माणसाला समजावून सांगावं लागत नाही. मी "काही हरकत नाही" म्हटलं, फोन ठेवला आणि बाथरूमचा नळ सोडून मनसोक्त रडले. खोटं बोलले असते तर पुण्याला गेले असते, टाळ्या मिळाल्या असत्या. हा विचार त्या दिवशी आला, अजूनही येतो. मी संत वगैरे नाही, मला टाळ्या हव्याच असतात.

बाहेर आले तर नवरा जेवायला आलेला, ताट वाढून घेऊन बसलेला. माझ्या तोंडाकडे बघून त्याला कळलं.

"नाही म्हणाले?"

"नाही म्हणाले."

"मग आता?"

मी पियानोपाशी गेले, पुस्तक उघडलं आणि तो संथ भाग काढला. दुपारचे दोन वाजून गेले होते, आजोबांची झोपायची वेळ होती, पण मला त्या क्षणी कोणाचीच पर्वा नव्हती. पहिलाच सूर वर लागला. नकोसा, परका. मी पुढे गेले. पानावर डी लिहिलेला दिसत होता आणि कानात इ फ्लॅट वाजत होता, आणि दोघांच्या भांडणात माझी बोटं सापडली होती. पहिली चाल परत येते तिथे पुन्हा हरवले. पान बघून जागा शोधली, पुन्हा धरलं. शेवटाकडे अजून एकदा हरवले. ते सुंदर वगैरे काही नव्हतं. पण प्रत्येक सूर, तो वाकडा का असेना, माझ्या कानातून आत जात होता, आणि त्याचा मला राग येत होता, आणि मी पुढच्या सुराची वाट बघत होते.

शेवटचा सूर विरेपर्यंत मी पट्टीवरचं बोट उचललं नाही. वरून आजोबांनी काठी आपटली नाही. ऐकायला नवरा होता, हातातला घास हातातच धरून बसलेला. आणि या खेपेला मीही होते.